स्वयंसेवकाला काय काम द्यावे?




वाड्यांवरील सेवाकार्याबद्दल मंडळ्यांकडून जी पत्रे येतात, त्यांत एक प्रश्न हमखास असतो. "आमच्या तरुण संघातील दहा-बारा जण यायला तयार आहेत. त्यांना काय काम द्याल?" हा प्रश्न वाचून आनंद होतो, पण त्याचे उत्तर एका ओळीत देता येत नाही. एका रविवारी येऊन, खाऊ वाटून, फोटो काढून गेलेल्या पाहुण्यांची आदिवासी वाड्यांना सवय झाली आहे. आम्ही पेण तालुक्यातील एका कातकरी वाडीवर प्रथम गेलो, तेव्हा तिथल्या एका आजींनी आम्ही काय आणले आहे हे विचारले नाही. "परत कधी येणार?" एवढेच विचारले. स्वयंसेवकांचे नेतृत्व करणे म्हणजे या प्रश्नाचे खरे उत्तर देता येईल अशी तजवीज करणे. ती कशी करावी, हे या लेखात मांडते.

कफ परेडच्या मच्छीमार नगरात एक छोटे सेवा मंडळ आहे. त्यात बोटीवर जाणारे कोळी तरुण आहेत, मासे विकणाऱ्या बहिणी आहेत, आणि आमच्या मंडळीतील काही जण आहेत. सगळे ख्रिस्ती नाहीत, आणि तशी अटही नाही. मुंबईतील या कोळी बांधवांना रायगडच्या कातकरी वाडीशी काय देणेघेणे, असे काहींना वाटेल. पण दोघांचेही हात जाळ्यावर बसलेले आहेत. कातकरी लोक नदीत आणि खाडीत मासे धरतात. पहिल्या भेटीत आमच्या मुलांनी भाषण केले नाही. वाडीतल्या तरुणांबरोबर बसून फाटके जाळे शिवले. ओळख तिथूनच सुरू झाली.

पहिली गोष्ट वेळापत्रकाची. शहरातील संस्था आपल्या सोयीचा रविवार ठरवतात. आम्ही आधी दोन कॅलेंडरे शेजारी ठेवली, एक दर्याचे आणि दुसरे वीटभट्टीचे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या ६१ दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. डागडुजी आणि जाळ्यांची कामे असतात, पण तरुणांना आठवड्यातून एखादा दिवस मोकळा काढता येतो. तिकडे बहुतेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. म्हणजे आमचे हात मोकळे असतात, तेव्हाच वाडी भरलेली असते. शाळाही जूनमध्येच उघडते. म्हणून आमचे मुख्य काम जून-जुलैचे. बोटी पुन्हा दर्यावर गेल्या की त्या तरुणांना आम्ही बोलावत नाही, आणि ते आले नाहीत म्हणून कुणी नाक मुरडत नाही. दिवाळीपर्यंतची आणि भट्टीच्या हंगामातील जबाबदारी मंडळीतील नोकरदार सदस्य उचलतात.

दुसरी गोष्ट कामाच्या आकाराची. "आदिवासींसाठी काहीतरी करा" हे काम नव्हे, ती इच्छा झाली. काम असे सांगावे लागते : या चार घरांतील मुलांच्या जातीच्या दाखल्याची कागदपत्रे गोळा करायची, जुलैअखेर. हे का आवश्यक आहे तेही समजावून द्यावे लागते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्या कुटुंबाला जमीन नाही, जे दर हंगामात स्थलांतर करते, ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत, त्यांनी तो कुठून आणायचा? मग तहसील कार्यालयात कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल शोधावी लागते. एखाद्या चुलत आजोबांचे नाव जुन्या शाळेच्या नोंदवहीत सापडते का ते पाहावे लागते. काहीच न मिळाल्यास गृहचौकशीचा अर्ज करावा लागतो. दाखला नसेल तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृहातील राखीव जागा या मुलाला मिळणे कठीण होते. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या विशेष असुरक्षित आदिवासी जमातींत मोडतात. अशा जमातींसाठी केंद्र सरकारने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पीएम-जनमन अभियान सुरू केले. घर आणि रस्ता यांसारख्या योजना आल्या, पण आधार आणि दाखला नसलेल्या घरापर्यंत योजना पोहोचवायला कुणीतरी बरोबर चालावे लागते. ते चालणे स्वयंसेवकाचे.

आणखी एक नेमके काम दिवाळीपूर्वीचे. स्थलांतरित मुलाला शाळेकडून शिक्षण हमी पत्रक मिळू शकते. ते दाखवून भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येते. पत्रक घेतले का, पालकांना ते कशासाठी आहे ते कळले का, आणि भट्टीवर गेल्यावर मूल खरेच शाळेत जाते का, एवढे तीन प्रश्न विचारणे हे एका माणसाचे पूर्ण काम आहे. छोटे आहे, पण ते झाले नाही तर त्या मुलाचे अर्धे वर्ष विटांच्या राशीत जाते.

तिसरी गोष्ट, नेतृत्व वाटून देणे. निर्गमच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे ऐकत बसतो. सासरा इथ्रो त्याला सांगतो की अशाने तूही थकशील आणि लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसे नेमली जातात. सेवा मंडळात शेवटचा आकडा सर्वांत उपयोगी आहे. दहा जणांना एक प्रमुख पुरतो. त्याला प्रत्येकाचे नाव आणि घरची अडचण ठाऊक असते. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये तर आणखी मोलाचा धडा आहे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होते, अशी कुरकुर झाली. तेव्हा निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप आले.

आपल्या महाराष्ट्रात हेच तत्त्व डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला करून दाखवले. १९७० मध्ये त्यांनी तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. बाहेरून नेमलेल्या परिचारिकांना गावांत रुजणे जमेना, तेव्हा गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, मागास समाजातल्या होत्या. पुरुषांची शेतकरी मंडळे झाली. त्यांची सुरुवात व्हॉलीबॉलच्या खेळातून झाली आणि पुढे त्यांनी झाडे लावण्यासारखी गावाची कामे हाती घेतली. १९७९ मध्ये या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या वाडीवरही आता कागदपत्रांच्या कामात वाडीतील दहावी झालेली एक मुलगी पुढे असते आणि मुंबईहून गेलेले आम्ही तिच्या मागे चालतो. तिला अडले तरच बोलतो.

चौथी गोष्ट नियमितपणाची. वर्सोव्याच्या किनाऱ्याचे उदाहरण मुंबईकरांना माहीत आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोझ शाह या वकिलांनी एका वयोवृद्ध शेजाऱ्यांना बरोबर घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. शनिवार-रविवारी ते स्वतः हातमोजे घालून किनाऱ्यावर उभे राहत. हळूहळू शेकडो माणसे आली, कोळी बांधवही आले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला. लोक भाषणामुळे जमले नाहीत. ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी तो माणूस वाकलेला दिसतो, हे त्यांनी पाहिले. योहान १३ मध्ये गुरूने कमरेला रुमाल बांधून आधी स्वतः पाय धुतले, शिष्यांना मग सांगितले. स्वयंसेवकांच्या प्रमुखाने शेवटच्या गाडीने येऊन हारतुरे स्वीकारू नयेत, ते यासाठी.

आता काही नियम, जे आम्ही प्रत्येक नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी सांगतो. वाडीवर एकट्याने जायचे नाही. प्रभूनेही शिष्यांना दोघे-दोघे पाठवले. लहान मुलाला कुणी एकट्याने कुठे घेऊन जायचे नाही, मग हेतू कितीही चांगला असो. विचारल्याशिवाय फोटो नाही. स्वतःच्या खिशातून पैसे द्यायचे नाहीत, गरज दिसली तर वहीत लिहायची आणि बैठकीत मांडायची. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द द्यायचा नाही. आणि दाखला, वह्या, औषध यांच्या बदल्यात प्रार्थनेला येण्याची अपेक्षा ठेवायची नाही. आपल्या वाचकांपैकी काहींना हा शेवटचा नियम खटकेल. पण प्रभूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच परत आला, आणि नऊ जणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. आमिषाने केलेली सेवा वाडीला लगेच ओळखू येते, आणि आमच्या मंडळातील बिगर-ख्रिस्ती भावंडांचाही तो विश्वासघात ठरेल.

कुणी थांबू इच्छित असेल, तर त्याला मोकळ्या मनाने थांबू द्यावे. लग्न ठरते, नोकरी बदलते, घरी आजारपण येते. अशा सदस्याने आपली वही पुढच्याच्या हाती द्यावी आणि वाडीवर एकदा त्याच्याबरोबर जाऊन ओळख करून द्यावी. मंडळाने त्याचे आभार मानून प्रार्थनेने निरोप द्यावा. न सांगता गळालेला स्वयंसेवक वाडीला जखम करून जातो. सांगून गेलेल्याची लोक आठवण काढतात.

तेव्हा आपल्या मंडळीतून तरुण पाठवण्यापूर्वी त्यांच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या : वर्षातील कोणते दिवस नक्की देता येतील, कोणते काम हाताला येते, आणि आपण गेल्यावर वही कोण घेईल. टायपिंग येणारे, तहसील कार्यालयात न कंटाळता रांगेत उभे राहणारे, मुलांना पाढे शिकवणारे, सगळे हवे आहेत. जे प्रवास करू शकत नाहीत, त्यांनी झेरॉक्स, एसटीचे भाडे आणि अर्जांचा खर्च उचलला तरी तो या सेवेत सहभागच आहे.

येत्या हंगामासाठी प्रार्थना करा : भट्टीवरून कुटुंबे सुखरूप परत यावीत, दर्यावर गेलेले आमचे भाऊ सुरक्षित राहावेत, आणि जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी वाडीतले प्रत्येक मूल वर्गात बसलेले असावे.

आपली सेवाकार्यातील भगिनी