दिरंगाईचे स्मारक

सार्वजनिक संस्था आपल्या पराक्रमाची स्मारके उभारतात. आपल्या हातून घडलेल्या दिरंगाईचे स्मारक, तेही भर चौकात, उभारल्याचे उदाहरण विरळाच. सिंगापूरच्या एस्प्लनेड उद्यानात तान किम सेंग यांच्या नावाचे जे तीन मजली बिडाचे कारंजे आहे, त्याची गणना या विरळ वर्गात करावी लागते. सिटी हॉल स्थानकावर उतरून, पाडांग नावाचे ते ऐतिहासिक क्रीडांगण ओलांडून समुद्राच्या दिशेने चालत गेले की पर्जन्यवृक्षांच्या छायेत ते दृष्टीस पडते. त्याला प्रवेशमूल्य नाही, पहारा नाही आणि बहुधा गर्दीही नाही. शहरात नव्याने आलेला प्रवासी पलीकडच्या सिंहमुखी मर्लायनचे छायाचित्र घेण्याच्या लगबगीत याच्यावरून सरळ निघून जातो, आणि या नगरीची अर्धी कथा न वाचताच मायदेशी परततो.

ती कथा पाण्याची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सिंगापूर हे आशियातले एक भरभराटलेले बंदर होते. चीन, युरोप आणि हिंदुस्थान या तिन्हींच्या व्यापाराची जहाजे तेथे नांगर टाकीत. परंतु नगरवासीयांच्या पिण्याच्या पाण्याचा बंदोबस्त विहिरी, झरे आणि बैलगाड्यांवरून फिरणारी पिंपे यांच्यापलीकडे गेलेला नव्हता. चिनी वस्तीतील एका भागाला या पाण्याच्या गाड्यांवरून पडलेले नाव आजही कायम आहे. विहिरींच्या शेजारीच शौचकूप आणि घाणीची गटारे असल्यामुळे रोगराईचे भय सदैव असे. अशा स्थितीत 1857 च्या नोव्हेंबरात तान किम सेंग या धनिक व्यापाऱ्याने गावात नळाने स्वच्छ पाणी आणावे आणि ते लोकांना विनामूल्य मिळावे, या हेतूने 13,000 डॉलर सरकारच्या स्वाधीन केले.

हे गृहस्थ 1805 साली मलाक्का येथे जन्मले. पिढ्यान्‌पिढ्या मलाया द्वीपकल्पात राहून तेथील भाषा आणि पाकक्रिया आपल्याशा केलेल्या पेरानाकान चिनी समाजातले ते एक प्रमुख पुरुष होते. व्यापारात त्यांनी अमाप द्रव्य मिळवले आणि त्यातला मोठा हिस्सा लोकोपयोगी कामांकडे वळवला. अमॉय स्ट्रीटवर गरीब मुलांसाठी विनाशुल्क शाळा त्यांनी 1854 साली काढली. नेमस्त, हिशेबी आणि सरकारदरबारी वजन असलेला असा हा दाता होता. तेव्हा आपला पैसा योग्य हाती पडला आहे, असा विश्वास त्यांना वाटला असल्यास नवल नाही.

पुढे मात्र त्या पैशाचा प्रवास कागदोपत्रीच लांबत गेला. सिंगापूरचा कारभार त्या काळी कलकत्त्याहून चाले. मंजुरीसाठी प्रत्येक मोठ्या खर्चाचा कागद बंगालच्या उपसागरापलीकडे पाठवावा लागे, आणि 1857 च्या अखेरीस कलकत्त्याच्या सरकारपुढे कोणते प्रश्न उभे होते, हे मराठी वाचकास सांगण्याचे कारण नाही. योजना आखल्या गेल्या, बदलल्या गेल्या, खर्चाचे अंदाज मूळ देणगीच्या कितीतरी पट वाढले. 1864 साली तान किम सेंग मलाक्का येथे निवर्तले, तेव्हा त्यांच्या पैशाचे एक घागरभर पाणीही नगरात आलेले नव्हते. 1867 साली सिंगापूर हिंदुस्थान सरकारच्या अमलातून निघून थेट विलायतेच्या वसाहतखात्याकडे गेले. थॉमसन रोडलगतच्या अरण्यात बांध घालून तलाव तयार झाला तो याच सुमारास. परंतु तलावातले पाणी उचलून देणारे पंप नव्हते आणि गावभर ते खेळवणाऱ्या नळांचे जाळेही नव्हते, त्यामुळे भरलेला तलाव डोळ्यांपुढे असताना नगर तहानलेलेच राहिले. नळाचे पाणी प्रत्यक्ष मिळू लागण्यास 1877-78 साल उजाडावे लागले. देणगीची रक्कम सरकारी अभियंत्यांच्या हातून वाया गेली, हा प्रवाद तेव्हापासून सिंगापूरच्या इतिहासग्रंथांत कायम झाला आहे. थॉमसन रोडलगतचा तो तलाव म्हणजेच आजचा मॅकरिची जलाशय. पुढे त्याचा विस्तार करणाऱ्या नगर-अभियंत्याचे नाव त्याला लाभले, मूळ दात्याचे नाही.

दात्याच्या वाट्याला आले ते कारंजे. 1882 च्या मे महिन्यात नगरपालिकेच्या आयुक्तांनी फुलर्टन चौकात ते समारंभपूर्वक खुले केले. त्यावरील लेखात तान किम सेंग यांनी जलपुरवठ्याच्या खर्चास दिलेल्या देणगीचे कृतज्ञ स्मरण आहे. त्या देणगीनंतर पाणी येईपर्यंत लोटलेल्या वीस वर्षांविषयी मात्र तो लेख सोयीस्कर मौन पाळतो. सरकारी भाषेचा परिचय असलेल्या कोणाही वाचकास या मौनाचा अर्थ कळण्यासारखा आहे.

कारंजे जवळून पाहावे. इंग्लंडातील डर्बी शहरी अँड्र्यू हँडीसाइड यांच्या ओतशाळेत ते ओतले गेले. एकावर एक अशी तीन पात्रे, खालचे विस्तीर्ण आणि वरचे आटोपशीर. शिखरातून सुटलेले पाणी प्रत्येक पात्राच्या काठावरून ओघळत खालच्या कुंडात उतरते, आणि सात मीटरांच्या आसपास उंची असूनही उड्डाणाचा आव न आणता केवळ ओसंडण्याचे काम ते इमानाने करीत राहते. मधल्या मजल्यावर ग्रीक वेषातल्या चार स्त्रिया बसविल्या आहेत. त्या काव्य, इतिहास आदी विद्यांच्या अधिष्ठात्री देवता, असे सांगतात. त्यांच्या वस्त्रांच्या चुण्या इतक्या नाजूक उतरल्या आहेत की साच्यातून ओतलेल्या बिडात हे साधले कसे, याचे आश्चर्य वाटावे. दाढीधारी समुद्रदेवाच्या मुखांतून पाण्याच्या धारा निघतात. चिनी व्यापाऱ्याच्या औदार्यासाठी इंग्रज कारागिरांनी ग्रीक देवता ओताव्या आणि त्यांवरून मलायातील अरण्याचे पाणी वाहावे, हा योग सिंगापूरसारख्या बंदरातच जुळून यावा.

कारंज्यालाही स्थैर्य लाभले नाही. रहदारी वाढली तसे 1905 मध्ये ते बॅटरी रोडवर हलवण्यात आले, आणि 1925 साली समुद्रतीरावरच्या सध्याच्या उद्यानात. येथे त्याचा शेजार मोठा गंभीर आहे. पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मारक जवळच आहे. जपानी अमलाविरुद्ध झुंजलेल्या लिम बो सेंग यांचे स्मारकही येथेच आहे. याच तीरावर 1945 च्या जुलैमध्ये सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेतील अज्ञात सैनिकांच्या स्मारकाची कोनशिला बसवली आणि ते स्मारक परतलेल्या ब्रिटिश सेनेने सुरुंग लावून उडवले. त्या जागी 1995 साली लावलेला फलक भारतीय प्रवाशाने आवर्जून शोधावा.

येथून पंधरा-वीस मिनिटांच्या पायवाटेवर सनटेक सिटी या व्यापारसंकुलात दुसरे एक कारंजे आहे, आणि पर्यटकांची रीघ लागते ती त्याच्याकडे. 1995 साली पूर्ण झालेले हे संपत्तीचे कारंजे म्हणजे चार तिरक्या स्तंभांवर तोललेले कांस्याचे प्रचंड कंकण; 1998 साली जगातील सर्वांत मोठे कारंजे म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. इतर कारंज्यांचे पाणी उसळून बाहेर पडते, याचे मात्र कंकणावरून आतल्या बाजूस कोसळते, कारण चिनी वास्तुविद्येच्या श्रद्धेनुसार पाणी म्हणजे लक्ष्मी, आणि ती आत आली पाहिजे. भोवतालचे पाच मनोरे ही हाताची पाच बोटे आणि कारंजे हा तळवा, अशी योजना आहे. ठरावीक वेळी मोठी धार बंद करून मधल्या लहान कारंज्यापर्यंत लोकांना सोडतात. तेथे उजवा हात पाण्यात ठेवून तीन फेऱ्या घातल्या की भाग्य उजळते, अशी समजूत आहे. प्रदक्षिणेची सवय असलेल्या आपल्या मंडळींना यात काहीच परके वाटत नाही. कंकणाच्या रचनेत हिंदू मंडलाची कल्पना आहे असे ऐकल्यावर तर ती अधिकच निःशंक मनाने फेऱ्या पुऱ्या करतात.

मुंबईकराला येथे फ्लोरा फाउंटनची आठवण होणे क्रमप्राप्त आहे. 1864 साली, म्हणजे तान किम सेंग निवर्तले त्याच वर्षी, ते उभे राहिले आणि त्याच्या खर्चात खर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी सद्गृहस्थांच्या देणगीचा मोठा वाटा होता. मुंबईत विहार तलावाचे पाणी त्यापूर्वीच, 1860 च्या सुमारास, नळाने येऊ लागले होते. म्हणजे मुंबईत आधी पाणी आले आणि मग धनिकाच्या पैशातून शोभेचे कारंजे झाले. सिंगापुरात धनिकाने पाण्यासाठी पैसा दिला आणि नगरपालिकेने त्याची भरपाई शोभेच्या कारंज्याने केली. तंत्र दोन्हीकडे एकच होते, काळही एकच होता. फरक पडला तो कारभारात.

हा फरक सिंगापूरने पुढे मोठी किंमत देऊन ओळखला. 1942 च्या आरंभी जपानी सैन्य चाल करून आले तेव्हा माघार घेणाऱ्या ब्रिटिशांनी मलायातील जोहोरकडे जाणारा सेतू उडवला, त्याबरोबर पलीकडून येणारी जलवाहिनीही तुटली. पुढे बेटावरचे जलाशय शत्रूच्या हाती पडले, नळ कोरडे पडत चालले, आणि 15 फेब्रुवारीस पत्करलेल्या शरणागतीच्या कारणांत पाण्याचे दुर्भिक्ष हे एक मोठे कारण ठरले. 1962 च्या करारान्वये मलेशियातून येणारे पाणी 2061 पर्यंतच हक्काचे आहे, ही मुदत तेथील राज्यकर्त्यांनी कधी नजरेआड होऊ दिलेली नाही. पावसाचा थेंब न थेंब अडवणे, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणणे, समुद्राचे पाणी गोडे करणे, असे उपाय त्यांनी एकामागून एक हाती घेतले. 2008 साली मरीना खाडीच्या मुखाशी बांध घालून समुद्राचे पाणी बाहेर रोखण्यात आले, आणि देशाच्या सुमारे एक षष्ठांश भूमीवर पडणारा पाऊस ज्यात उतरतो असा गोड्या पाण्याचा जलाशय शहराच्या मध्यभागी तयार झाला. 2010 च्या अखेरीस, तान किम सेंग यांच्या कारंज्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला त्याच सुमारास, हा जलाशय रीतसर सेवेत दाखल झाला. 1925 साली खाऱ्या पाण्याच्या काठी आणून ठेवलेले ते कारंजे, जागचे न हलता, आता पिण्याच्या पाण्याच्या काठी आले आहे.

तेव्हा प्रवाशाने दोन्ही कारंजी पाहावीत आणि शक्य तर एकाच दिवशी पाहावीत. पाण्याला हात लावला म्हणजे पैसा येतो, ही सनटेकच्या कारंज्याची श्रद्धा आहे, आणि तिची शहानिशा करण्याचे साधन कोणाजवळ नाही. पैसा दिला म्हणजे पाणी येते, ही तान किम सेंग यांची श्रद्धा होती. ती वीस वर्षे खोटी ठरली. पैसा आणि पाणी यांच्यामध्ये कारभार नावाची एक गोष्ट असते, आणि ती देणगी म्हणून कोणालाही देता येत नाही. जुन्या कारंज्यावरच्या लेखात हे वाक्य कोरलेले नाही. सिंगापूरने मात्र त्याचा धडा घेतला आहे.