कायद्याचा सल्ला देणाऱ्याने आपली ओळख सांगावी का?

समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेहमी कोणी ना कोणी विचारतो: पोलीस ॲट्रॉसिटीची तक्रार घेत नाहीत, काय करू? जात पडताळणी समितीची नोटीस आली, काय उत्तर देऊ? थोड्या वेळात दहा उत्तरे येतात. त्यातले वकिलाचे कोणते, कार्यकर्त्याचे कोणते आणि नुसते ऐकीव कोणते, हे विचारणाऱ्याला कळत नाही. म्हणून उत्तर देणाऱ्याने आधी आपण कोण ते सांगावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण एका उदाहरणातून पाहू. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कराडमधील एका प्रकरणात ॲट्रॉसिटीच्या तक्रारीवर आधी प्राथमिक चौकशी करता येईल, असे म्हटले. त्याविरोधात २ एप्रिलला भारत बंद झाला. त्याच वर्षी संसदेने कायद्यात कलम १८-अ घातले. त्यानुसार एफआयआर नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. पुढे २०१९ मध्ये न्यायालयाने आपले ते निर्देश मागे घेतले आणि २०२० मध्ये कलम १८-अ वैध ठरवले. आजही कोणी जुन्या निकालावरून "आधी चौकशी होऊ द्या, थांबा" असे लिहिले, तर पीडित कुटुंब पोलीस ठाण्यातून हात हलवत परत येते.

मुदतीचेही तसेच. आरोपीला विशेष न्यायालयातून जामीन मिळाला, तर कलम १४-अ प्रमाणे उच्च न्यायालयात अपील करता येते आणि त्यासाठी ९० दिवस असतात. चुकीच्या सल्ल्यात हे दिवस निघून गेले, तर निनावी सल्लागाराला जाब कोण विचारणार?

वकिलाची गोष्ट वेगळी असते. त्याच्याकडे बार कौन्सिलची सनद असते. त्याने गैरवर्तन केले तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. नाव आणि सनद क्रमांक सांगितला, तरच हा हक्क वापरता येतो.

काही वकील मित्र म्हणतात, आम्हाला जाहिरात करायला बंदी आहे, मग नाव कसे लिहू? बंदी आहे, हे खरे. पण ती कामे मिळवण्यासाठी स्वतःचा डंका पिटण्याला आहे. २००८ पासून तर वकिलांना स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेची माहिती, पदवी आणि कामाचे क्षेत्र देण्याची मुभा आहे. "मी वकील आहे, ही सर्वसाधारण माहिती आहे" एवढे सांगणे म्हणजे जाहिरात नव्हे.

दुसरी अडचण खरी आहे. सरकारी नोकरीतल्या जाणकारांना नाव देणे जड जाते. त्यांनी नाव देऊ नये, पण भूमिका सांगावी आणि "असे करा" न म्हणता फक्त कायद्याचे कलम दाखवावे. निर्णय वकिलाकडे सोपवावा. आम्ही समाजकार्यात आहोत, वकील नाही. हे वाक्य आम्ही आमच्या प्रत्येक उत्तरात आधी लिहितो. त्याने मान कमी होत नाही.

विचारणाऱ्यांनीही तीन प्रश्न विचारावेत: तुम्ही कोण? कोणते कलम? आज ते लागू आहे का? पीडितेचे नाव, एफआयआरची प्रत, जातीचे दाखले ग्रुपवर कधीही टाकू नयेत. वकिलाशी झालेले बोलणे गोपनीय राखण्याचे बंधन कायद्याने त्याच्यावर आहे. शेकडो लोकांच्या ग्रुपवर ते कोणावरच नसते.

आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, किंवा १५१०० वर फोन करा. तिथे मिळणाऱ्या वकिलाला नाव असते आणि जबाबदारीही असते.

बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते. त्यांनी आपल्याला कायद्याचे हत्यार दिले. ते निनावी हातात देऊ नका. जय भीम!