विजेनं पाणी धुवावं, पण कुठलं?

कोल्हापूर-इचलकरंजीच्या खालच्या अंगाला नदीवर असलेल्या तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला की पंचनामा होतो, पाण्याचे नमुने भरले जातात आणि एकमेकांकडे बोटं दाखवली जातात: कोल्हापूरचं सांडपाणी, इचलकरंजीची कापड रंगवणारी प्रोसेस हाऊस, साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी. यातलं सर्वांत जहाल पाणी कारखान्यांच्या डिस्टिलरीचं. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो. गरम, आम्लधर्मी, काळपट तपकिरी. त्याचा सीओडी (म्हणजे त्यातलं द्रव्य जाळायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला लाख मिलिग्रॅमपर्यंत सहज जातो. पामतेलाच्या मलेशिया-इंडोनेशियातल्या गिरण्यांचं पाणीही याच जातकुळीचं. सीओडी मात्र साधारण निम्मा.

अशा पाण्यांवर विजेचे प्रयोग जगभर चालू आहेत. साध्या प्रकारात टाकीत लोखंडाचे किंवा ॲल्युमिनिअमचे पत्रे सोडून वीज खेळवतात. धन पत्रा झिजतो, त्या धातूचं हायड्रॉक्साइड होतं आणि ते तुरटीसारखं गाळ गोळा करतं. ऋण पत्र्यावरचे हायड्रोजनचे बुडबुडे हलका गाळ वर उचलतात. दुसऱ्या प्रकारात पत्रा झिजत नाही. त्याच्या पृष्ठभागावर सेंद्रिय द्रव्यच जाळलं जातं.

हे जाळणं किती महाग? फॅरेडेच्या नियमानं एक किलो सीओडी संपवायला सुमारे ३,३५० अँपिअर-तास लागतात. पाच व्होल्ट धरले आणि एक कणही वीज वाया गेली नाही असं मानलं, तरी जवळपास १७ युनिट. लाखाच्या सीओडीच्या एका घनमीटर स्पेंटवॉशमध्ये असे शंभर किलो. दिवसाला ३० हजार लिटर अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीचा ३०० घनमीटर स्पेंटवॉश धरला, तर रोज पाच लाख युनिट! म्हणजे अहोरात्र २१ मेगावॅट. कारखान्यात बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, तयार होणारी वीज सगळी इथंच ओतायची, आणि तीही हंगामापुरती. त्यापेक्षा आधी बायोगॅस काढावा, उरलेलं आटवून बॉयलरमध्ये जाळावं आणि राखेतलं पोटॅश शेताला द्यावं, हा रूढ मार्ग शहाणपणाचा आहे. बायोगॅसच्या जिवाणूंना न जुमानणारा मेलॅनॉइडिनचा तपकिरी रंग काढायला फार तर विजेला बोलवावं.

माझ्या मते ही विद्या इचलकरंजीला जास्त मानवेल. सुती कापड रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगवताना भरपूर मीठ वापरतात. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं, त्यामुळे कमी व्होल्टेजवर काम भागतं. सीओडीही स्पेंटवॉशच्या मानानं किरकोळ असतो, आणि मिठापासून धन पत्र्यावर तयार होणारा क्लोरीन रंगाचे रेणू तोडतो. इचलकरंजीतल्या काविळीवर मात्र हा उतारा नव्हे: २०१२ साली शहरात पसरलेली हेपॅटायटिस ईची साथ मैलामिश्रित पाण्याची होती, आणि तिला मैलाशुद्धीकरणच हवं.

रंग गेला म्हणून पाणी शुद्ध झालं, असंही नाही. तोच क्लोरीन सेंद्रिय द्रव्याशी मिळून घातक संयुगं बनवू शकतो, आणि मीठ तर जागच्या जागी राहतं. पत्रे झिजवणाऱ्या पद्धतीत रंग गाळात उतरतो. तो गाळ कुठे जाणार, हे टाकी बसवण्याआधी ठरवावं लागतं.