नांवाची शिस्त

आपल्या गांवाचें नांव समुद्रपूर. पण समुद्र येथून शेंकडों मैल दूर आहे. नुसत्या नांवावरून तर्क करणारा परका मनुष्य फसल्यावांचून राहणार नाहीं. उलट कारंजा हें नांव पाहा. या नांवाचें एक गांव आपल्या वर्धा जिल्ह्यांत व दुसरें वाशीम जिल्ह्यांत आहे. म्हणून एकास कारंजा घाडगे व दुसऱ्यास कारंजा लाड म्हणण्याची वहिवाट पडली. त्या एका जोडशब्दानें घोटाळा टळतो. हीच शिस्त संगणकाच्या जगांत कशी उपयोगी पडते, तें येथें थोडक्यांत सांगावें असें आम्हांस वाटतें.

लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली निरनिराळीं मंडळें आपापल्या परीनें सिद्ध करून लोकांस देतात. १९९३ सालीं आरंभ झालेलें डेबियन व २००३ सालचें फेडोरा हीं त्यांपैकीं दोन होत. प्रत्येक प्रोग्रॅम व त्याचें साहित्य एका गांठोड्यांत बांधलेलें असतें. त्यास पॅकेज म्हणतात. अशीं हजारों पॅकेजें एका भांडारांत ठेविलेलीं असतात. आपण नांव टाइप करावें आणि यंत्रानें वस्तु आणावी, अशी सोय आहे. मात्र दुकानदार आपलें मनोगत ओळखतो, तसें यंत्र ओळखीत नाहीं.

आमच्या एका विद्यार्थ्यास फेडोरा असलेल्या संगणकावर मराठी शुद्धलेखन तपासणारा शब्दसंग्रह हवा होता. त्यानें ‘मराठी-डिक्शनरी’ असें नांव घातलें. असें कांहीं नाहीं, असें उत्तर आलें. “सर, येथें मराठीला जागाच नाहीं,” असें तो खिन्न होऊन म्हणाला. वस्तुतः शब्दसंग्रह भांडारांत होताच. त्याचें नांव ‘हनस्पेल-एमआर’. हनस्पेल हा शब्द तपासणारा प्रोग्रॅम, आणि ‘एमआर’ हीं दोन इंग्रजी अक्षरें मराठीची जागतिक खूण. पहिलीं दोन अक्षरें ‘एमए’ कां घेतलीं नाहींत? कारण मलयाळम, मलय, माल्टी या भाषांचा आरंभहि त्याच अक्षरांनीं होतो. म्हणून मलयाळमला ‘एमएल’ व मराठीला ‘एमआर’ मिळालें. आपल्या कोंकणीस तर ‘केओके’ अशी तीन अक्षरांची खूण आहे.

प्रत्येक मंडळाची रीत मात्र निराळी. लिबरऑफिसचा मराठी भाग फेडोरांत ‘लिबरऑफिस-लँगपॅक-एमआर’, तर डेबियनमध्यें ‘लिबरऑफिस-एल१०एन-एमआर’. यांतील एल१०एन म्हणजे ‘लोकलायझेशन’ हा इंग्रजी शब्द. त्याच्या पहिल्या व शेवटच्या अक्षरांमध्यें दहा अक्षरें आहेत! लोहित नांवाचे अक्षरांचे टाईप फेडोरांत ‘लोहित-मराठी-फाँट्स’, तर डेबियनमध्यें ‘फाँट्स-लोहित-देवा’. एकानें वर्ग शेवटीं लिहिला, दुसऱ्यानें आरंभीं. ‘देवा’ ही देवनागरी लिपीची खूण; भाषा व लिपी या दोन भिन्न वस्तु आहेत, हें विसरूं नये.

डेबियनचा नियम असा कीं, पॅकेजच्या नांवांत लहान लिपींतील इंग्रजी अक्षरें, अंक, अधिक, उणें व टिंब एवढेंच असावें. नांव दोन अक्षरांहून लहान नसावें. पूर्वीं तेथें टाईपांच्या नांवाचा आरंभ ‘टीटीएफ’नें होई; पुढें ‘फाँट्स’ असें ठरलें. तेव्हां जुन्या नांवाचीं रिकामीं पॅकेजें कांहीं काळ ठेविलीं. जुनें नांव घेणारास तीं नव्याकडे पोंचवीत. बदल करितांना जुन्या माणसाची वाट बंद करूं नये, ही त्यांतील सभ्यता होय.

विद्यार्थीमित्रांनो, एका नकारावरून आपली भाषा तेथें नाहीं असें मानूं नका. प्रथम शोधाची आज्ञा देऊन वर्णनें वाचा, मग नांवाची रीत ओळखा. आमच्या त्या विद्यार्थ्यानें तसेंच केलें. त्याच सायंकाळीं त्याच्या निबंधांतील चुकीच्या शब्दांखालीं तांबड्या रेघा उमटल्या, आणि त्या पाहून त्यास आनंद झाला!