दप्तराची निंदणी आणि संगणकाची सफाई

कपाशीच्या शेतातील निंदणी लांबली, तर त्याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. तो वेचणीच्या वेळी दिसतो. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्यास हे सांगावयास नको. शासकीय कार्यालयांतही हाच शब्द रूढ आहे. अभिलेखांची ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘क-१’ आणि ‘ड’ अशी वर्गवारी करून ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ दहा वर्षे, ‘क-१’ पाच वर्षे व ‘ड’ एक वर्ष जतन करावयाचा आणि मुदत संपलेले कागद रीतसर नष्ट करावयाचे, यास अभिलेखांची निंदणी म्हणतात.

संगणक आल्यावर या कामातून सुटका झाली, असा समज अनेक कार्यालयांत आढळतो. तो बरोबर नाही. संगणकाची डिस्क हेही एक दप्तरच असून त्याचीही निंदणी करावी लागते. फरक इतकाच, की ती कारकुनाने न करता पडद्यामागे चालणारा एक प्रोग्रॅम करीत असतो. तो सुरूच झाला नाही तर काय होते, हे एका उदाहरणावरून पाहू.

डिस्कवर माहिती कोठे व कशी ठेवावयाची याची जी व्यवस्था असते, तिला फाइल प्रणाली म्हणतात. जपानच्या एनटीटी या दूरसंचार कंपनीने ‘निलएफएस’ नावाची अशी एक प्रणाली तयार केली. २००९ साली तिचा समावेश लिनक्सच्या मूळ गाभ्यात झाला. सर्वच संगणकांत ती नसते. परंतु तिची रीत समजण्यास सोपी आहे. व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीत जुनी नोंद खोडत नाहीत, दुरुस्तीची नोंद पुढे लिहितात. तसेच ही प्रणाली करते. जुन्या मजकुरावर नवा मजकूर न लिहिता तो पुढच्या मोकळ्या जागेत लिहिला जातो. यामुळे काम चालू असताना वीज गेली, तरी आधीची स्थिती शाबूत राहते आणि सकाळी चुकून पुसलेली फाइल दुपारी परत मिळू शकते.

याची किंमत म्हणजे डिस्क सतत भरत जाते. म्हणून ‘क्लीनर’ नावाचा प्रोग्रॅम डिस्कचा एकेक भाग तपासतो, त्यातील उपयोगात असलेली माहिती दुसरीकडे हलवितो आणि तो भाग मोकळा करतो. मूळ रचनेप्रमाणे मोकळे भाग दहा टक्क्यांहून कमी झाले की तो कामास लागतो, वीस टक्क्यांवर गेले की थांबतो. आणि गेल्या एका तासातील नोंदींना हात लावीत नाही.

दोष नेमका येथे उद्भवतो. क्लीनर हा गाभ्याचा भाग नसून स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. डिस्क प्रणालीस जोडणारे साहाय्यक साधन त्याला सुरू करते. संगणक चालू होताना मुख्य डिस्क त्या साधनाऐवजी गाभ्यानेच परस्पर जोडली, तर फाइली उघडतात, लिहिल्या जातात, सर्व सुरळीत दिसते. क्लीनर मात्र सुरू झालेला नसतो. काही आठवड्यांनी ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना येते. कर्मचारी जुन्या फाइली पुसतात; पण जागा वाढत नाही, कारण या रीतीत पुसणे हीदेखील एक नवी नोंदच असते! मग मोठ्या डिस्कची मागणी जाते. अभिलेख कक्षात निंदणी न करता नवी कपाटे मागविण्यासारखाच हा प्रकार होय.

तपासणीचा क्रम सोपा आहे. चालू असलेल्या प्रोग्रॅमांच्या यादीत क्लीनर आहे काय, हे प्रथम पाहावे. नसल्यास तो संगणकावर बसविलेला आहे काय ते पाहून संगणक सुरू होतानाची नोंदवही वाचावी. डिस्क ‘केवळ वाचनासाठी’ जोडली गेली असेल तर क्लीनर चालणारच नाही. अशी जोडणी कधी कधी बिघाडामुळे होते, म्हणून आधी माहितीची प्रत काढावी. क्लीनर चालू असूनही जागा मोकळी होत नसेल, तर राखीव काळ एका तासाऐवजी फार मोठा ठरविला गेला असण्याचा संभव असतो. किंवा अनेक स्थिती ‘जपून ठेवावयाच्या’ म्हणून खूण केलेल्या असतात. अशी खूण केलेल्या स्थितीस क्लीनर हात लावीत नाही. संगणकाचा ‘अ’ वर्ग तो हाच.

क्लीनर बंद असताना सर्व जुन्या स्थिती आपोआप टिकून राहिलेल्या असतात. तो सुरू करताच, खूण नसलेल्या स्थिती एकामागून एक जाऊ लागतात आणि मग परत मिळत नाहीत. तेव्हा घाई करू नये. चुकून पुसलेले काही परत हवे आहे काय, हे कार्यालयातील प्रत्येकास आधी विचारावे, हवी ती स्थिती खूण करून राखावी, तिची दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि नंतरच क्लीनर सुरू करावा.

ही सावधगिरी अनाठायी नाही. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा शाळांची जनरल रजिस्टरे आणि गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या पुन्हा उघडल्या गेल्या. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. ज्या गावी वही उरली नाही, तेथील कुटुंबाला तो कोठून मिळणार? धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जमविलेली कागदपत्रे त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात आज वाचावयास मिळतात, तीही कोणी तरी ती रद्दीत जाऊ दिली नाहीत म्हणूनच. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये अभिलेख बेकायदा नष्ट करणे हा शिक्षापात्र अपराध आहे. कागद असो वा संगणक, नष्ट करण्याचा निर्णय तंत्रज्ञावर सोपविता येत नाही.

क्लीनर हाताने सुरू केला की काम संपले असे समजू नये. तो तेवढ्यापुरताच चालू असतो. तो संगणकाबरोबर आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था करून संगणक एकदा पूर्ण बंद करावा, पुन्हा चालू करावा आणि प्रोग्रॅमांच्या यादीत क्लीनरचे नाव पाहावे. वीज वारंवार जाते त्या गावी तर ही पाहणी दर महिन्याच्या कामात धरावी.