बिळातील सशांसाठी कुत्र्याची निवड

इंग्लंडमध्ये ससे कोवळ्या गव्हाची व कुरणांची फार नासाडी करतात. १८८० च्या कायद्याने तेथील जमीन कसणाऱ्यास आपल्या शेतातील ससे मारण्याचा हक्क मिळाला. हा ससा जमिनीत बिळे करून वसाहतीने राहतो. बिळाच्या तोंडांवर बटव्यासारखी जाळी लावून आत फेरेट सोडतात. फेरेट हा साधारण मुंगसाएवढा, लांबट अंगाचा, माणसाळविलेला मांसाहारी प्राणी होय. त्याच्या भयाने ससा बाहेर उसळतो व जाळ्यात सापडतो. नजरेतून सुटलेल्या एखाद्या तोंडातून निसटलेला ससा कुत्र्याने धरावयाचा असतो.

आपल्याकडे ही रीत चालणार नाही. आपला ससा बिळे करीत नाही. तो गवतात उथळ जागा करून बसतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे त्याची शिकार हा गुन्हा आहे, हे कारवानी कुत्रे पाळणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. परंतु दुसऱ्या प्राण्याबरोबर काम करणारा कुत्रा कसा पारखावा, हे या उदाहरणावरून चांगले कळते.

कुत्रा वेगवान असला की झाले, असे नवख्यास वाटते. अनुभवी माणूस प्रथम नाक पाहतो. चांगला कुत्रा रिकाम्या बिळापुढून न थांबता जातो. आत ससा असल्यास तोंडाशी स्थिर उभा राहून हुंगतो. ही खूण भरवशाची नसेल, तर जाळी लावण्यातच दिवस जातो.

दुसरा गुण मौनाचा. वर भुंकणे ऐकू आले की ससा आतच दडतो, फेरेट त्यास तेथे मारतो व तेथेच रेंगाळतो. मग खणण्यावाचून गत्यंतर नाही. हल्ली फेरेटच्या गळ्यात संकेत देणारा पट्टा बांधतात, त्यामुळे जागा कळते. कुदळ मात्र चुकत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, बिळातून बाहेर येणारे डोके दर वेळी सशाचेच नसते. फेरेटवर झडप घालणारा कुत्रा क्षणात धन्याचे नुकसान करतो. म्हणून पिल्लू लहान असतानाच पिंजऱ्याआडून दोघांची ओळख करून द्यावी लागते व पुढे नजरेखाली त्यांना एकत्र सोडावे लागते. मोठा कुत्रा घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबणे धोक्याचे. त्यास फेरेटसमोर दोरीने धरून उभा करावा आणि त्याचे डोळे, कान व ताण पाहावा.

जातींपैकी टेरियर काटेरी झुडपांत निर्भयपणे शिरतो व त्याचे नाकही तीक्ष्ण असते, पण तो गलका फार करतो. ग्रेहाउंडला लहान शेतांत वळावयास जागा पुरत नाही. म्हणून पुष्कळ जण लर्चर, म्हणजे ग्रेहाउंड किंवा व्हिपेट यांचा टेरियर वा मेंढपाळी कुत्र्याशी झालेला संकर, पसंत करतात. तोही मध्यम उंचीचा बरा.

आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याजवळ राखणीचा कुत्रा ठेवावयाचा असेल, तर त्याचीही अशीच समोरासमोर परीक्षा घ्यावी, आणि तीही पैसे देण्यापूर्वी.