एक सुभद्रा, अनेक गळे

अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत सौभद्र’ १८८२ सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें. मन अर्जुनावर जडलेलें, आणि बलराम तर दुर्योधनास देऊं पाहतो, अशा पेंचांत सांपडलेली सुभद्रा ही त्याची नायिका. पदें तींच, तरी प्रत्येक गळ्यांतली सुभद्रा निराळी.

स्त्रीनें रंगभूमीवर येणें त्या काळीं समाजास रुचत नसे, म्हणून ही भूमिका पुरुषच करीत. भाऊराव कोल्हटकरांच्या उंच, धारदार आवाजांत तिची तळमळ दिसे. बालगंधर्वांच्या भावपूर्ण गायनांत तिचें मार्दव. पुढें हिराबाई बडोदेकरांनीं सुभद्रा केली. किराणा घराण्याच्या तालमींत वाढलेल्या त्यांच्या गळ्यांतून तेंच दुःख संयमानें प्रकट झालें. त्यानंतर जयमालाबाई शिलेदारांनीं ती परंपरा चालविली.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टींतहि, धानाची कापणी आटोपली म्हणजे रात्र रात्र नाटकें रंगतात. तेथेंहि पूर्वीं पुरुषच लुगडें नेसून उभे राहत. आतां त्या भूमिका स्त्रिया करितात.

विद्यार्थिमित्रांनो, नाटक पाहतांना श्रेष्ठ कोण, एवढेंच विचारूं नका. कोणीं पात्राचें कोणतें अंग उजळलें, तें पाहा. आणि गाणाऱ्या मुलीस गप्प बसविण्यापूर्वीं, स्त्रियांवांचून सुभद्रेचें एक अंग किती वर्षें झांकलेलें राहिलें, हें पालकांनींहि आठवावें.